सिस्टरबाईंचा हॉटेलातला मुक्काम

चावीचं कार्ड चालेना, आत सफाईवाली असेल म्हणून सिस्टरबाईंनी दार ठोठावलं, तर ते उघडलं अर्ध्या गालाला साबणाचा फेस फासलेल्या एका गृहस्थाने.

"काय पाहिजे, मावशी?"

"मला काय पाहिजे? ही माझी खोली आहे."

गृहस्थाने दारावरचा आकडा वाचला. सिस्टरबाईंनीही वाचला. तीनशे बारा. वाचनात कुणाचीच चूक नव्हती. "खाली विचारा," असं म्हणून तो उरलेला गाल उरकायला आत गेला.

सिस्टरबाई म्हणजे सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात चौतीस वर्षं काढलेल्या नर्स. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत अजून सगळे सिस्टरच म्हणतात. हजारो पोरं पहिल्यांदा रडली ती त्यांच्या हातांवर. आणि आता स्वतःच्या मुलाला मुलगी झाली, तर आजीचा मुक्काम भर बाजारपेठेतल्या हॉटेलात! मुलाचं घर दोन खोल्यांचं, त्यात विहीणबाई महिनाभर आधीपासून ठाण मांडून बसलेल्या. "आई, तिथे तुझी आबाळ होईल. हॉटेल माझ्या ऑफिससमोरच आहे, रोज भेटेन," मुलगा म्हणाला होता. रोज भेटत होता, खोटं कशाला बोला. नातीची भेट मात्र तीन दिवसांत एकदाच, वीस मिनिटं. त्यातली पंधरा मिनिटं नात विहीणबाईंच्या मांडीवर.

'आई, घरीच चल,' एवढंच त्यांना मुलाच्या तोंडून ऐकायचं होतं. आज म्हणेल, उद्या म्हणेल. म्हणाला की त्याला ताटकळत ठेवायला नको म्हणून त्या रोज सकाळी बॅग भरून कपाटात ठेवत. बिछाना वॉर्डातल्यासारखा ताणून घालत, बेसिन कोरडं पुसत, कचरासुद्धा स्वतःच खाली नेऊन टाकत. मग फेरफटक्याला निघत. रस्त्यावर बसगाड्यांची रीघ, ऑफिसांत घुसणारी माणसं, आणि सगळ्यांना इतकी घाई की सिस्टरबाईंना उगाचच आपणही कामाला उशिरा चाललोय असं वाटे.

सिस्टरबाई खाली आल्या तेव्हा काउंटरवर सफाईवाली बाई रडकुंडीला आली होती.

"मी तरी काय करू, मॅडम? डब्यात कागदाचा कपटा नाही. बिछान्यावर कुणी झोपल्याची खूण नाही. कपाटात भरलेली बॅग. मला वाटलं, पाहुणे गेले आणि बॅग विसरले. हॉटेलात असं कोण राहतं हो?"

"तिला बोलू नकोस," सिस्टरबाई काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या. "चूक माझी आहे. जित्याची खोड, दुसरं काय!"

तेवढ्यात मुलगा रस्ता ओलांडून धावतच आला. 'तुमच्या आई बॅग विसरून गेल्या' असा हॉटेलातून त्याला फोन गेला होता.

"आई! अगं, मला वाटलं तू रागावून परत गेलीस."

"रागवायला काय झालंय मला?"

पण त्याचा घामेजला चेहरा पाहून त्यांना बरंही वाटलं. आपण गेलो तर हा धावतो.

"सॉरी सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "दुसरी खोली देतो, पण तयार व्हायला चार वाजतील. तोवर आईंना घरी नेता का?"

मुलाने आईकडे पाहिलं, काउंटरपाशी आणून ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. सिस्टरबाईंना तो चेहरा ओळखीचा होता. वॉर्डाच्या दारात एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला सासू उभी असली, की बाळंतिणीच्या नवऱ्याचा चेहरा अगदी असाच व्हायचा. अशा वेळी त्याच पुढे होऊन नवऱ्याच्या आईवर खेकसायच्या, "आजीबाई, इथे गर्दी नको. बाहेर बाकावर बसा." किती आज्या निमूट जाऊन बसल्या असतील! एकीलाही त्यांनी नंतर आत बोलावल्याचं आठवेना.

"घरी... म्हणजे आई, तसं..." मुलगा चाचरला.

"घरी कशाला? हा एवढा सोफा आहे, पेपर आहे. मी बसते इथे बाहेर." त्या काउंटरकडे वळल्या. "आणि आता देतेच आहेस, तर रस्त्याकडची खोली दे गं. आधीच्या खिडकीतून नुसती भिंत दिसायची."

मुलाच्या खांद्यांवरचा भार उतरला. तो इतका उघड उतरला की सिस्टरबाईंना पेपर उघडून तोंडापुढे धरावा लागला.

चार वाजता त्यांना पाचव्या मजल्यावरची खोली मिळाली. सहाला मुलाचा फोन आला. "आई, आज फार उशीर झालाय गं. उद्या नक्की नेतो. नवीन खोली बरी आहे ना?"

"छान आहे. थेट तुझं ऑफिस दिसतं."

"हो? मग थांब खिडकीत. मी खाली उतरतोच आहे."

त्या खिडकीत उभ्या राहिल्या. बाहेर पडलेल्या गर्दीतून त्याचा निळा शर्ट वेगळा झाला. फुटपाथवर थांबून त्याने मान वर केली, खिडक्या शोधल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुठल्यातरी खिडकीकडे बघून हसत हात हलवला. सिस्टरबाईंनी पाचव्या मजल्यावरून हलवला, आणि तो बसमध्ये चढेपर्यंत त्या हात हलवत राहिल्या.