टायरवर तीन बोटं

जीप, मागचं डावं चाक

याला खोबरेल. कल्पना अमरेशची. अमरेश म्हणजे सुकन्याचा नवरा. ही जीप त्याची, रोज किल्लारी ते लातूर माणसं भरून पळणारी.

"स्टँडवर समदेच लावतेत," तो म्हणाला. "काळं कुळकुळीत दिसतंय."

"लावते. बघू की."

जीप, पुढचं डावं

याला बाटलीतलं जाड जेल. लावल्या लावल्या काचेसारखं चकाकलं. शोरूममध्ये हेच वापरतात.

जीप, पुढचं उजवं

याला दुधासारखं पातळ पॉलिश, पाण्यात कालवलेलं. चमक बेताचीच. टायर नुसतं नवं वाटायला लागलं.

जीप, मागचं उजवं

काही नाही. धुतलं आणि सोडलं.

"एका जीपला चार तऱ्हा," अमरेश म्हणाला. "पॅसिंजर हसतील की गं मला."

"हसू दे. जाऊन या, आन् येताना कुठं धुवू नका."

हे सगळं कशासाठी

तर लातूरच्या शोरूमसाठी. दोन वर्षं सुकन्या घरामागच्या पत्र्याखाली जीपा धूत होती. सकाळी धुतलेली जीप संध्याकाळी चिखलानं भरून दारात उभी. त्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. पण आपण केलेलं काम कुणी निदान एक दिवस तरी बघावं, असं तिला वाटायचं. नवी गाडी मालकाच्या हाती देण्याआधी तयार करायची, हे काम तिला हवं होतं. पाचदा चकरा मारल्यावर तिथला मॅनेजर हरिओम वैतागून म्हणाला होता, "बुधवारी उदगीरची पार्टी हाय. चंद्रप्पा शेठ, डाळ मिलवाले. पांढरी गाडी. ती तुम्ही करा. जमलं तर पुढच्या समद्या गाड्या तुमच्या. न्हाई जमलं तर पुन्हा विचारायला येऊ नका."

एक गाडी. त्यातही धुणं-पुसणं कुणालाही येतं. गाडी उठून दिसते ती टायरांनी, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जीप परत आली

खोबरेलाच्या चाकावर काळ्या रानातली धूळ अशी बसली होती, की जणू भजं पिठात घोळवलंय. जेलच्या चाकानं वेगळाच प्रताप केला होता. फिरता फिरता थेंब उडवले होते आणि दारावर काळ्या ठिपक्यांची कमान उमटली होती. पांढऱ्या गाडीवर ती कमान कशी दिसेल, हे तिनं डोळे मिटून एकदा बघून घेतलं. दुधी पॉलिशवर जराशी धूळ होती. फडकं फिरवलं, निघाली. नुसतं धुतलेलं चाक मात्र मळकट करडं दिसत होतं.

"झालं की मग," अमरेश म्हणाला. "दुधाचं घ्या."

"थांबा. अजून एक हाय."

ती घरात गेली आणि विभूतीची वडी घेऊन आली. त्यांच्या समाजात घरी नवी गाडी आली की आधी चाकांवर विभूती. ओली करून, तीन बोटांनी, तीन आडव्या रेघा. चंद्रप्पाही त्यांच्यातलाच. हरिओमला हे काय माहीत? त्याच्या लेखी पूजा म्हणजे बॉनेटवर स्वस्तिक आणि चाकाखाली लिंबू.

जेलवर रेघा ओढल्या. पाणी गोळा झालं, विभूती ओघळली, चाकावर राखेचा राडा. दुधी पॉलिशवर ओढल्या. दोन धरल्या, तिसरी मधेच तुटली.

तिनं ते चाक धुतलं. या वेळी अगदी पातळ हात दिला, सुकू दिलं, कोरड्या फडक्यानं उरलंसुरलं पुसून घेतलं. पुन्हा तीन बोटं.

धरली.

"जमलं!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

नवी गाडी, मागची दोन

मंगळवारी संध्याकाळीच करून ठेवली. पुढची दोनही.

नवी गाडी, पुढची दोन

बुधवारी सकाळी ती शोरूमला पोचली तेव्हा सव्वाअकरा झाले होते, आणि पुढची दोन्ही टायरं आरशासारखी चकाकत होती.

"हे कुणी केलं?"

"मीच," हरिओम म्हणाला. "तुमचं लई फिकं वाटलं, ताई. फोटोत दिसायला नको का? वेळ न्हाई मिळाला, न्हाईतर मागची पण केली असती."

"आवो, याच्यावर विभूती धरत न्हाई."

"कसली विभूती?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. बादली, साबण, ब्रश. पदर खोचला आणि खाली बसली.

"ताई, पार्टी गेटवर आली! बाराला राहुकाळ लागतो म्हणून त्यांनी दोनदा फोन केला. आता भिजवता का गाडी?"

"भिजवते. तुम्ही त्यांला चहा पाजा."

"आन् उशीर झाला तर?"

"तर पुन्हा विचारायला येणार न्हाई. सरका, उजेड अडतोय."

घासलं. हात फिरवला, अजून बुळबुळीत. पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा हात फिरवला तेव्हा रबर रबरासारखं लागलं. पुसून कोरडं केलं. पॉलिश टायरवर ओतलं नाही, स्पंजवर घेतलं, आणि स्पंज कडेच्या अंगाला गोल फिरवत नेला. रस्त्याला टेकतो त्या पट्ट्यावर तिनं एक थेंबही जाऊ दिला नाही. तिथं पॉलिश लागलं तर गाडी घसरते.

मागून आवाज आला. "चाकाला दागिना घालतीस काय गं?"

चंद्रप्पाची आई, नागम्मा. चहा सोडून इकडं आली होती. खुर्ची ओढून ती तिथंच बसली.

"दागिना न्हाई, अव्वा. विभूती धरावी म्हणून चाललंय."

नागम्मा पुढं वाकली. "आमच्या थोरल्या लेकाच्या गाडीला धरलीच न्हाई. समदी ओघळून माझ्या लुगड्यावर. कुणाला बोलले न्हाई, पण मनातून गेलं न्हाई ते."

चंद्रप्पा घड्याळ बघत आला. "पावणेबारा! अव्वा, चल, उजव्या पुढच्यापासून सुरू कर."

"अजून ओलं हाय, अण्णा," सुकन्या म्हणाली. "दहा मिनिटं."

"राहुकाळ थांबंल का दहा मिनिटं?"

"न्हाई थांबणार. म्हणून तुम्ही मागची दोन आधी घ्या. ती कालच सुकलीत."

चंद्रप्पाचं तोंड उघडंच राहिलं. पूजा मागच्या चाकापासून? हरिओमनं कपाळाला हात लावला. सुकन्यानं मात्र कुणाकडं बघितलं नाही. पुठ्ठा उचलला आणि ओल्या टायरला वारा घालत बसली.

नागम्मा खुर्चीतून उठली. "चंद्रप्पा, देव काय पुढच्याच सीटवर बसतो का? चल मागं."

मागचं उजवं: तीन रेघा. मागचं डावं: तीन रेघा. म्हातारीनं ओढलेल्या पांढऱ्या रेघा काळ्या रबरावर कोरल्यासारख्या उठल्या.

तोवर सुकन्यानं पुढच्या दोन्ही टायरांवरून कोरडं फडकं फिरवून घेतलं. एकदा. आणखी एकदा. मग करंगळीचं टोक टेकवून बघितलं. कोरडं.

"या, अव्वा."

पुढचं डावं धरलं. पुढच्या उजव्यावर नागम्मानं तीन बोटं टेकवली आणि ओढली. तिसरी रेघ कुठं तुटतेय का, ते बघायला सुकन्या पुढं वाकली.

नागम्मानं बोटं उचलली आणि लुगड्यावर काही ओघळलंय का ते बघितलं. "धरलं गं बाई."

बाराला चार मिनिटं कमी असताना लिंबं फुटली आणि गाडी गेटाबाहेर पडली. चंद्रप्पानं काच खाली करून हरिओमला सांगितलं, धाकट्या भावाची गाडी पण इथंच घेतो.

हरिओमनं गेट लावून घेतलं. मग सुकन्या बादली विसळत होती तिथं आला.

"शुक्रवारी तीन गाड्या हायत. किती वाजता येता?"

"गुरुवारी येते. सुकायला वेळ लागतो. आन् माझा हात फिरल्यावर दुसऱ्या कुणाचा हात टायरला लागायचा न्हाई."

"मग काय टायरला कुलूप लावू?"

"लावा," सुकन्या म्हणाली, आणि फडकी पिळायला घेतली.