आधी त्याला जेवू दे

घरी बसलेल्या माणसाला लोक आळशी म्हणतात. माझा नवरा विवेक आळशी नाही. असता तर फार बरं झालं असतं. लोळत पडला असता, दोन वेळा जेवला असता, मी चार शिव्या हासडल्या असत्या आणि दिवस निघाले असते. पण ह्याला घरी बसूनही काहीतरी करून दाखवायचं होतं, आणि सापडलं काय, तर उपाशी राहणं!

त्याच्या कंपनीनं हैदराबादची शाखा बंद केली. पुण्याला या नाहीतर राजीनामा द्या, म्हणाले. ह्यानं ऐटीत राजीनामा दिला. "हौ, ऐसी नोकरी कुठंही मिळते," असं बिल्डिंगच्या गच्चीवर उभं राहून सगळ्यांना ऐकवलं. नोकरी काही मिळाली नाही. तारनाक्याच्या आमच्या दोन खोल्यांत हा सोफ्यावर, वर पंखा, हातात मोबाईल. मी नारायणगुड्याच्या शाळेत शिकवायला निघताना जसा बसलेला असे, तसाच परत आल्यावर. पोट सुटलं. तपासणीत साखर जरा वर दिसली. आणि मोबाईलमधल्या कुठल्याशा उपासवाल्या गुरुजींनी ह्याला बरोबर गाठलं.

आधी नाश्ता बंद झाला. मग रात्रीचं जेवण. मग एखादा दिवस नुसतं पाणी. वजन उतरलं, तोंडावर तेज आलं, असं आरशात बघून हाच सांगायचा. मी म्हटलं, रिकामं डोकं कशात तरी गुंतलंय, गुंतू दे. पण उन्हाळा लागता लागता त्यानं जाहीर केलं, आता सात दिवस फक्त पाणी. त्याच्या ग्रुपमधले सगळे करणार होते म्हणे.

ते ऐकलं आणि मी घाबरले. त्याच्यासाठी नाही हो, तो धडधाकट गडी आहे. मला भीती वाटली ती आत्याबाईंसाठी.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सुशीलाबाई. भालकीकडच्या शेतकरी घरातल्या. तरुणपणी नवरा गेला आणि एकुलत्या एका लेकाला कडेवर घेऊन हैदराबादेत भावाकडे आल्या. त्यांचा एक नेम होता. लेक घरात असला की त्याच्याआधी घास तोंडात घालायचा नाही. कुणी सांगितलेला नाही, कुठल्या पोथीत लिहिलेला नाही, पण त्यांच्याकडच्या बायका असंच करत आल्या. विवेक नोकरीला होता तोवर त्याची अडचण नव्हती. दुपार झाली की "आता उघडला असेल त्यानं डबा" म्हणत त्या आपलं ताट वाढून घ्यायच्या. नंतर त्याच्या एका दिवसाच्या उपासाला त्याही उपाशी राहायच्या; तेवढं निभावून जायचं. आता लेक दिवसभर डोळ्यांसमोर असणार होता आणि सात दिवस जेवणार नव्हता.

त्यात त्यांना साखरेचा जुना आजार, आणि गोळी चांगलीच जोरदार. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, गोळीनंतर पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम खाली जाते आणि जिवावर बेततं.

पहिल्याच दिवशी शाळेतून आले, तर त्यांचं ताट झाकलेलं तसंच.

"आत्याबाई, जेवला नाहीत?"

"आधी त्याला जेवू दे."

"अहो, ते सात दिवस जेवणार नाहीत!"

"मग? मी काय एकादश्या कमी केल्या?"

"आणि गोळी?"

"घेतली की. औषधानं उपास मोडत नसतो, बाई."

हे असं शांतपणे, जणू मीच अडाणी. मी साखर घातलेला चहा पुढं केला, तर म्हणाल्या, "मला साखर बंद आहे ना गं?" आता बोला! मी अर्धं केळं बळंच त्यांच्या तोंडात कोंबलं. तेवढंच गेलं पोटात.

मग मी विवेककडे वळले. काय काय बोलले ते मलाही आठवत नाही. तो म्हणाला, "मी तिला उपाशी राहा म्हटलंय का?" आईला जाऊन म्हणाला, "आई, जेव ना गं." आई म्हणाली, "तू बस, तुझ्यासोबत बसते." की हा परत मोबाईल घेऊन सोफ्यावर.

"तुमच्यापायी म्हातारी मरेल," मी म्हटलं.

"त्रिवेणी, किती महिन्यांत मी पहिल्यांदा काहीतरी पुरं करतोय," तो म्हणाला. "तेवढं पुरं करू दे मला." खोटं कशाला बोलू, मला दयाच आली त्याची. पण दयेनं म्हातारीच्या पोटात भात जाणार होता का? मी हट्ट सोडला नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी, रविवार होता, दुपारी तो म्हणाला, "बरं बाई, वाढ."

मी वरणभात, आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी असं भरगच्च ताट वाढलं. "आत व्हिडिओ बघत जेवतो," म्हणून तो ताट घेऊन आतल्या खोलीत गेला आणि रिकामं ताट बाहेर आणून ठेवलं. ते बघून आत्याबाई जेवल्या. पोटभर जेवल्या, वरून ताकही मागितलं. तिसऱ्या दिवशी मी शाळेत होते, तेव्हाही तसंच झालं. संध्याकाळी बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली, तर मला चक्क डुलकी लागली, इतकी मी निर्धास्त झाले होते.

त्याच्या पुढच्या दिवशी घरी आले, तर आत्याबाई बाल्कनीत जमिनीवर बसलेल्या. समोर प्लॅस्टिकची एक पिशवी. कूलरच्या मागं सापडली त्यांना. आत आंबलेला भात, भाकरीचे तुकडे आणि मुंग्याच मुंग्या.

"पोरगं उपाशीच होतं गं," त्या म्हणाल्या. "आणि मी गिळत होते."

लेकानं फसवलं ह्याचा त्यांना राग नव्हता. तो उपाशी असताना आपण जेवलो, ह्याची लाज वाटत होती. त्या संध्याकाळी त्यांनी दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं. मी हात जोडले, पाया पडले, ओरडले. काही उपयोग झाला नाही.

विवेकला मी ती पिशवी दाखवली. त्याची मान खाली गेली, पण जिद्द काही गेली नाही. "थोडेच दिवस उरलेत. मध्येच सोडलं तर सगळं वाया जातं, गुरुजी म्हणतात. तू टेन्शन नक्को घेऊ, मी दिवसभर घरातच आहे ना तिच्याजवळ."

ते थोडे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळ-संध्याकाळ चार चमचे दूध, एखादं बिस्किट, असं मी भांडून त्यांच्या घशाखाली उतरवायची. गोळ्यांची पट्टी उचलून माझ्या पर्समध्ये टाकली, कारण अन्न नाही तर गोळी तरी नको. शाळेत परीक्षा चालू, रजा कोण देणार? रोज निघताना विवेकला पढवायची, "त्यांना घाम सुटला, असंबद्ध बोलायला लागल्या, तर वाट बघू नका. साखर तोंडात घाला आणि मला फोन करा." तो "हौ, हौ" म्हणायचा.

पण आत्याबाईंच्या देवघराच्या डब्यात मागच्या महिन्यातली एक पट्टी उरली होती. औषध चुकवायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलेलं. मला त्या पट्टीचा पत्ताच नव्हता.

शेवटच्या दिवशी मी घरात शिरले, तेव्हा विवेक कानात इयरफोन घालून ग्रुपशी बोलत होता. मला बघून त्यानं अंगठा वर केला. झालं, पुरं झालं, असं तोंडानं दाखवलं.

"आत्याबाई कुठायत?"

"झोपलीय."

मी आत गेले. साडी घामानं चिंब, जबडा एका बाजूला ओढलेला, तोंडातून फेस. डोळे अर्धवट उघडे आणि त्यांत कुणी नाही. पंखा मात्र गरगरत होता.

"घाम आला होता तिला," माझ्यामागं विवेक म्हणाला. "उन्हानं आला असेल म्हणून मी पंखा पाचवर केला."

मी त्याला मारलं. हो, मारलं, सरळ थोबाडीत. मग साखर त्यांच्या हिरड्यांना चोळली, खालच्या वॉचमनला हाक मारली, आणि तिघांनी मिळून त्यांना ऑटोत घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वेळापासून अशा आहेत? दिवसभर घरात असलेल्या माणसाला ते सांगता आलं नाही. विवेक भिंतीला टेकून उभा होता आणि नुसता आईच्या पायांकडे बघत होता.

आत्याबाई वाचल्या. निदान सगळे नातेवाईक फोनवर तसं म्हणतात. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, आता एवढंच, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या डोळे उघडतात, बसवलं तर बसतात. बोलत नाहीत. मला ओळखत नाहीत, ह्यालाही नाही. विवेक आता दोन्ही वेळा जेवतो. त्यांचं हगणं-मुतणं तोच काढतो, कुरकुर करत नाही. त्याची साखर, आग लागो त्या साखरेला, अगदी बरोबर आहे.

गेल्या रविवारी दुपारी मी आत्याबाईंना वरणभात भरवत होते. विवेक येऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. सकाळपासून त्यानं चहासुद्धा घेतला नव्हता, ते माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, बरं नसेल.

"आई," तो म्हणाला, "मी सकाळपासून काही खाल्लं नाही गं."

माझा हात थांबला. मीही त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"आई, मी उपाशी आहे."

आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर माझ्या हातातल्या चमच्यावर होती. उशीर झाला म्हणून त्यांनी घशातून कुरकुर केली आणि मान पुढं करून आ वासला.

मी घास भरवला. त्यांनी तो गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.