खिडकीचा उजेड आणि मी

मित्रांनो, मी एक जुना फ्लॅश आहे. सध्या माझा मुक्काम टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात आहे. शेजारी एक मोडकी कात्री, दोन कुलुपे आणि त्या दोन्हींना न लागणारी एक किल्ली. या घरात माझ्यावर एक ठपका आहे. तुम्ही माझी हकिगत ऐका आणि काय ते तुम्हीच ठरवा.

दुकानाच्या काचेमागे होतो तेव्हा मला वाटायचे, आपण कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसून मिरवणार. पण मला विकत घेणारा फोटोग्राफर वेगळाच निघाला. "समोरून फ्लॅश मारला की माणूस चोरी करताना पकडल्यासारखा दिसतो," असे तो म्हणायचा. त्याने मला एक लांब वायर जोडली आणि कॅमेऱ्यापासून चार हात दूर, बायकोच्या हातात दिले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी तो खिडकीतल्या उजेडाचे माप घ्यायचा आणि कॅमेरा त्या उजेडापुरता लावायचा, म्हणजे बाहेरचे आभाळ, झाडे, रस्ता जसेच्या तसे यावे. पण तसे केले की खिडकीसमोर बसलेल्या माणसाचा चेहरा काळा पडतो. तो उजळायचा, हे माझे काम, आणि तेही बेताने. जास्त झालो तर चेहरा पिठात बुडवल्यासारखा, कमी पडलो तर नुसता काळोख. ती माझ्यावर उशीचा जुना पांढरा अभ्रा धरून एक पाऊल पुढे, अर्धे पाऊल मागे होत राहायची.

बटण दाबले की कॅमेऱ्यातला आरसा वर उचलला जातो आणि फोटो काढणाऱ्याला नेमका तोच क्षण दिसत नाही. दुसरा डोळा तर तो घट्ट मिटून घ्यायचा. म्हणून मी चमकलो की नाही, हे तिने सांगायचे. चमकलो तर ती म्हणायची, "लागला!" नाहीतर, "नाही लागला, थांबा." माझ्या पाठीवरचा लाल दिवा पेटेपर्यंत ती त्याला बटण दाबू द्यायची नाही. इतकी वर्षे तो तिच्या शब्दावर चालला आणि तिचा शब्द एकदाही चुकला नाही.

एकदा आम्ही एका न्हाव्याचा फोटो त्याच्या दुकानात काढला. मागे दारातून रस्ता दिसतोय, पुढे न्हावी वस्तरा घेऊन ऐटीत उभा. दुकान म्हणजे अंधारी बोळकांडी होती. फोटो पाहून तो म्हणाला, "बघा, माझ्या दुकानात मुळातच किती उजेड आहे!"

फोटोग्राफर खूश झाला. "फ्लॅश दिसला नाही ना? मग जमलं!"

वा रे न्याय! राबायचे मी आणि नाव दुकानाचे. तिचे नावही कोणी घेतले नाही. मी निदान यंत्र तरी. कपाटभर फोटोंमध्ये तिचा धड एकही नव्हता, कारण ती कायम माझ्यामागे उभी. "पुढच्या वेळी तुझा काढू," असे तो दर वेळी म्हणायचा आणि पुढच्या वेळी समोर कोणीतरी गिऱ्हाईक असायचे.

मग ती आजारी पडली आणि काम थांबले. मला त्याने पिशवीत कोंबले, पोटातले सेल न काढता. आठ महिने मी तसाच पडून होतो. सेल पाझरले. ज्या स्प्रिंगा सेलना टेकतात, त्यांच्यावर पांढरट हिरवा थर चढला. माझी कोणी वास्तपुस्त केली नाही. त्याचा मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

एके दिवशी ती स्वतःहून म्हणाली, "आता माझा एक काढा. स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी."

त्याची धांदल उडाली. जुने सेल काढून नवे घातले, पण स्प्रिंगा पुसल्या नाहीत. त्या पुसाव्या लागतात हे त्याला माहीतच नव्हते. ते काम ती करायची. त्याने मला स्टँडवर अडकवले, वर तोच अभ्रा टाकला, खिडकीसमोर खुर्ची मांडली. सूर्य उतरत होता. बाहेरचे आभाळ आणि मी, आम्हा दोघांचे जुळेल अशी जेमतेम दहा मिनिटे मिळतात.

"अगं, आटप लवकर! उजेड चाललाय."

"आले हो. केस विंचरायला हात वर जात नाही माझा."

तेवढ्यात उजेड नेमका जुळला आणि त्याला राहवले नाही. त्याने रिकाम्या खुर्चीचाच एक फोटो घेऊन टाकला. मी चमकलो, हवा तेवढाच. पण गंजलेल्या स्प्रिंगांतून पुढची वीज येईना. माझा लाल दिवा पुन्हा पेटला नाही आणि तो बघायला माझ्यामागे कोणी नव्हते.

ती येऊन बसली. "चेहऱ्यावर फार उजेड नको हं. नुसती हाडं राहिलीत गालांची."

"ते माझ्यावर सोड," तो म्हणाला आणि त्याने डोळा मिटला.

बटण दाबले. मी चमकलो नाही.

"लागला?" त्याने विचारले.

ती माझ्याकडेच तोंड करून बसली होती. क्षणभर तिने माझ्याकडे पाहिले. "लागला," ती म्हणाली.

तीन फोटो झाले आणि तीनदा ती "लागला" म्हणाली. मित्रांनो, ती खोटे बोलली. तो चेहरा तिला मागे ठेवायचा नव्हता आणि त्याचा हिरमोडही करायचा नव्हता. माझे काय होईल, याचा विचार तिने केला नाही.

दुसऱ्या दिवशी फिल्मचा रोल धुतला असता तरी सगळे निस्तरता आले असते. पण रोल भरल्याशिवाय धुवायचा नाही, हा त्याचा जन्माचा नियम. बावीस फोटो शिल्लक होते. अठरा दिवसांनी ती गेली.

त्यांची मुलगी आली तेव्हा त्याने नियम मोडून रोल तसाच धुतला. तिन्ही फोटोंत मागे आभाळ सुरेख होते आणि पुढे एक काळी आकृती.

"बाबा, यात आई कुठंय?"

"या फ्लॅशनं दगा दिला. ऐन वेळी!"

"पण लागला नाही हे आईला कळलंच असेल की."

मग त्याने मला उचलून या खणात आदळले. तिच्यावर रागावणे त्याला शक्य नव्हते. स्वतःवर रागावणे जमत नव्हते. मग खापर फोडायला मी होतोच.

भिंतीवर त्याने रिकाम्या खुर्चीचा फोटो लावला आहे. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले काम तेच. येणारे-जाणारे म्हणतात, "तुमच्या स्वयंपाकघरात छान उजेड येतो हो!"

परवा मुलीने खण आवरताना मला बाहेर काढले. कोरड्या फडक्याने माझ्या स्प्रिंगा पुसल्या आणि नवे सेल घातले. लाल दिवा पेटला.

"बाबा, हा तर चालतोय!"

तो भिंतीकडे बघत राहिला. "सेल काढून ठेव त्यातले," एवढेच म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी असाच दुसऱ्यांसाठी उजेड धरून उभा असेल. त्याला आज समोर बसवा. आणि फोटो काढण्याआधी फ्लॅशच्या स्प्रिंगा तुम्ही स्वतः पुसा.