टाचणीला उतरवा!

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, पण तुमच्या वर्गातल्या बाकांशी माझी सोयरीक नाही. माझ्यावर बसून कुणी पाढे पाठ केले नाहीत की डबा खाल्ला नाही. मी फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला असतो. राखीव खेळाडूंचा बाक म्हणतात मला. माझ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाची एकच इच्छा असते, माझ्यावरून उठायची. जो खेळतो तो माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि जो बसतो तो मनातल्या मनात मला शिव्या घालतो. जन्मभर नकोसं असणं म्हणजे काय, ते मला विचारा.

एका बंद पडलेल्या गोदामाचे दरवाजे मोडले आणि त्यांच्या फळ्यांमधून एका सुताराने मला घडवलं. सुतार तोंडाचा फटकळ होता. माझ्या पाठीला शेवटचा स्क्रू पिळताना तो म्हणाला, "माजू नकोस. तुझ्यावर राजे बसणार नाहीत. वाट बघणारे बसणार आहेत." पहिल्या वर्षी मला हिरवा रंग मिळाला. पुढे एकदा क्लबने चषक जिंकला तेव्हा अख्खा संघ माझ्यावर चढून नाचला, फोटो निघाला, आणि अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी लाकूडच, जरासा फुगलो. मग रंग उडाला. एक पाय कुजून आखूड झाला, त्याच्याखाली वीट आली. पाहुण्या संघाला प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझ्याबद्दल ठरलं, 'आहे तोवर चालवा.' चालवताहेत. त्याचं मला काही नाही. मी जे सांगणार आहे ते माझं रडगाणं नव्हे. ते टाचणीचं आहे.

टाचणी हा एक खेळाडू. अंगाने काटकुळा, मिसरूड नुकतंच फुटलेलं. दोन बचावपटूंच्या मधून असा शिरायचा की त्यांना तो गेल्यावर कळायचं, म्हणून हे नाव. त्याचे आईबाप नव्हते. मावशीने वाढवला. मावशी लाँड्रीत इस्त्री करायची आणि सामन्याच्या दिवशी पायऱ्यांवर येऊन बसायची.

या पायऱ्या माझ्या बरोबर पाठीमागे आहेत. मध्ये फक्त कमरेएवढं पत्र्याचं कुंपण. त्यामुळे प्रेक्षक काय बोलतात ते सगळं मला ऐकू येतं, आणि मला कान झाकता येत नाहीत. पहिल्या पायरीवर नेहमी एक फिटर बसायचा. दिवसभर पाण्याचे पंप उघडून बसवणारा माणूस, आवाज भोंग्यासारखा. त्याच्या शेजारी त्याचा मेहुणा. तो औषधाच्या दुकानात काउंटरवर असायचा, म्हणून जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्याचं मत तयार. या मंडळींची एक पद्धत होती. एखादा खेळाडू मैदानात यावा असं वाटलं की सगळे मिळून त्या पत्र्यावर मुठी हाणायचे. आधी सावकाश, मग जोरात, मग थांबायचंच नाही. पत्रा वाजला की कोच फार वेळ टिकत नाही, असा त्यांचा अनुभव होता. तो खराही होता.

टाचणीला सुरुवातीला शेवटची काही मिनिटं मिळायची. तेवढ्यात तो पायऱ्या उभ्या करायचा. लोकांना त्याची चटकच लागली. पण एके दिवशी सरावानंतर, सगळे गेल्यावर, कोच आणि तो माझ्यावर येऊन बसले. कोच म्हणजे कमी बोलणारा, खांदे पडलेला माणूस.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"नडगीच्या हाडाला चीर आहे. बारीक. पण धावायचं नाही म्हणाले. धावलो तर पूर्ण मोडेल."

"कुणाला सांगितलंस?"

"मावशीला."

"बस. तिच्यापुढे जाऊ द्यायचं नाही."

यामागचं कारण ऐका. आमच्या क्लबात जो खेळाडू जखमी म्हणून कळवला जातो, त्याचं नाव हंगाम संपला की कमिटी कापते. नाव कापलं की क्लबची खोली गेली, जेवण गेलं, पुढच्या वर्षीचा विषयच संपला. म्हणून कोचने तोडगा काढला. टाचणीने क्लबचे कपडे घालायचे, बूट बांधायचे, माझ्यावर येऊन बसायचं आणि उठायचं नाही. कमिटीला वाटेल पोरगा तयार आहे. हाड भरून येईपर्यंत असंच ढकलायचं. कोचने हे त्याच्या भल्यासाठी केलं. माझ्यावर बसलेल्या माणसाच्या मनात कपट असतं तेव्हा तो सारखी चुळबूळ करतो. कोच दगडासारखा बसला होता.

पण पत्र्याच्या पलीकडे बसलेल्यांना काय दिसणार? त्यांना दिसला कपडे घालून, बूट बांधून बसवून ठेवलेला पोरगा. आणि मैदानात उजव्या कडेला, टाचणीच्या जागी, कोचचा सख्खा भाचा.

"बघा, बघा!" फिटर ओरडायचा. "आपलं पोरगं बाकावर सडतंय आणि हे भाचेराव निघालेत बाजारात भेंडी निवडायला! अरे, पळ की! बॉल तुझ्या घरी येऊन दार ठोठावणार आहे का?"

"दाजी, तो भाचा आहे," मेहुणा म्हणायचा. "त्याला बसवलं तर कोचला बहिणीच्या घरी पाणी तरी कोण विचारणार?"

"आणि टाचणीला काय झालंय? आजारी आहे?"

"छे हो! आजारी असता तर घरी नसता का? कपडे घालून बसलाय म्हणजे ठणठणीत आहे. आमचं रोजचंच काम आहे, मला चेहऱ्यावरून कळतं."

मग ते मावशीकडे वळायचे. "मावशी, तुम्ही का गप्प? तुमच्या पोराचं वाटोळं करतोय हा माणूस!"

मावशी हातातला रुमाल घडी करायची, उलगडायची, परत घडी करायची. "कोचना कळतं त्यांचं काम," एवढंच म्हणायची.

"हेच! या भिडेनेच माणसं मागे राहतात."

मित्रांनो, त्यांचं बोलणं दुष्टपणाचं नव्हतं. त्यांचा टाचणीवर जीव होता. फिटरने त्याच्यासाठी कामावर सायबाशी भांडून शनिवारची सुटी मिळवली होती. पण जीव असून भागत नाही. खरं काय आहे हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना तोंड उघडायची सोय नव्हती. माझ्यासारखं निर्जीव लाकूड त्या दोघांच्या मधोमध. मला तेव्हाच कळलं होतं की हे नीट संपणार नाही.

संघ हरत गेला. एक सामना, मग दुसरा, मग अजून एक. बोलणं वाढत गेलं. आधी पायरीवर होतं ते पानाच्या टपरीवर गेलं, तिथून बसथांब्यावर, तिथून कमिटीच्या कानावर. भाच्याच्या सायकलचं चाक कुणीतरी फोडलं. कोचच्या दारावर खडूने लिहिलं, 'टाचणीला उतरवा, नाहीतर तुम्ही उतरा.' आणि टाचणी? तो रोज माझ्यावर येऊन बसायचा आणि पाठीमागून स्वतःचं नाव ऐकायचा. पहिल्यांदा तो लाजून खाली बघायचा. नंतर नंतर मान ताठ करून ऐकायला लागला. कोवळ्या वयात शेकडो माणसं तुमचं नाव घेऊ लागली की हाडाचं दुखणं लहान वाटायला लागतं. मला त्याच्या वजनावरून कळायचं. आधी तो सगळा भार उजव्या कुल्ह्यावर टाकून बसायचा. मग दोन्हीवर सारखा बसायला लागला. हाड बरं झालं होतं म्हणून नव्हे. लोकांना कळू नये म्हणून.

तो सामना शेजारच्या गावाशी होता. आकाश सकाळपासून राखाडी, वारा पडलेला, मैदान जड. मध्यंतरापर्यंत आमच्यावर एक गोल चढला होता. कमिटीची मंडळी त्या दिवशी मुद्दाम खाली, पहिल्या पायरीवर येऊन बसली होती. भाचा एकदा घसरून पडला आणि पायऱ्यांवर हशा पिकला. त्या हशातच पहिली मूठ पत्र्यावर पडली.

मग दुसरी. मग सगळ्यांच्या.

माझ्या फळ्या हादरायला लागल्या. खालची वीट सरकली. "टाचणी! टाचणी!"

मावशी उठली. "नका रे बडवू," ती म्हणाली. "बसू द्या त्याला."

"मावशी, आज तुम्ही मध्ये पडू नका!" फिटर हसत म्हणाला. "आज पोराचा दिवस आहे!"

"अरे, ऐक माझं. त्याचा पाय..."

पत्र्याने शब्द गिळला. तिने पुन्हा तोंड उघडलं, या वेळी ओरडण्यासाठी, आणि तिची नजर शेजारच्या अध्यक्षांवर गेली. ते तिच्याकडेच बघत होते. तिने तोंड मिटलं. रुमाल तोंडाशी धरला आणि खाली बसली.

कोच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"जमेल?"

"हो, सर."

"खरं बोल."

"सर, ऐका ना," टाचणी म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "माझं नाव घेताहेत."

कोचने पायऱ्यांकडे पाहिलं. कमिटीकडे पाहिलं. पोराच्या पायाकडे मात्र पाहिलं नाही. "जा," तो म्हणाला.

माझ्यावरचं वजन उठलं. त्यासाठीच तर माझ्यावर बसतात सगळे. मला आनंद व्हायला हवा होता.

आणि खेळला हो तो! खोटं कशाला बोलू? पहिलाच चेंडू त्याने असा काढला की समोरचा भिडू जागच्या जागी फिरला. थोड्या वेळाने दोघांच्या मधून शिरला, तिसऱ्याला चुकवला आणि गोल. फिटरने मेहुण्याच्या टकलाचा मुका घेतला. "सांगितलं होतं की नाही? सांगितलं होतं की नाही मी?" अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. अध्यक्ष टाळ्या वाजवत होते. कोच मात्र धड बसलाही नव्हता, धड उठलाही नव्हता, मध्येच कुठेतरी वाकून थांबला होता. आणि मावशीने डोळे मिटून घेतले होते.

मग एक साधा चेंडू कडेला आला. जवळपास कुणीही नव्हतं. टाचणी त्याच्यामागे धावला, अगदी माझ्या समोरून, आणि खाली पडला.

पायऱ्यांवरच्या गोंगाटात तो आवाज बाकी कुणाला ऐकू आला नसेल. मी लाकूड आहे. मोडण्याचा आवाज मला ओळखू येतो.

त्याला स्ट्रेचरवर घालून नेलं. मावशी अनवाणी त्याच्यामागे पळाली. तिची चप्पल पायरीवरच राहिली. पायऱ्यांवर कुजबुज झाली. हाडाच्या चिरेची गोष्ट बाहेर आली, आणि मग तीच माणसं, तोच फिटर, तोच आवाज.

"जखमी पोराला उतरवतो म्हणजे काय? माणूस आहे की कसाई?"

"मी म्हणतच होतो, दाजी," मेहुणा म्हणाला. "त्याच्या चालण्यातच काहीतरी होतं. आम्हाला लगेच कळतं."

कोचला काढून टाकलं. कमिटीने टाचणीचं नाव कापलं, पण त्याला एक शाल आणि जन्मभराचा फुकट प्रवेश दिला. मोठ्या मनाची माणसं! त्याचं हाड जोडलं, पण आखूड जोडलं. पायरीवर बसलेल्या एकाच्याही पायाला खरचटलं नाही, मित्रांनो. टाळी वाजवायला फुकट असते. तिची किंमत दुसऱ्याच्या पायातून जाते, आणि त्याला कुणी विचारत नाही.

आता नवा हंगाम सुरू आहे. नवा कोच, नवा भाचा म्हणा हवं तर. माझ्यावर एक नवा पोरगा बसतो. कपडे घातलेले, बूट बांधलेले. सराव सामन्यात त्याने एक झकास गोल केला म्हणे, आणि पायऱ्यांवर पुन्हा बोलणं सुरू झालं आहे. याला वेळ का देत नाहीत? किती दिवस बसवणार? कोण अडवतंय याला?

टाचणी आता त्यांच्यातच बसतो, काठी मांडीवर आडवी धरून. मागच्या सामन्याला फिटरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "टाचण्या, तू सांग बाबा. तू खेळलेला माणूस आहेस. उतरवायचा का याला?"

टाचणीने त्या पोराच्या पाठीकडे पाहिलं.

"उतरवा की," तो म्हणाला. "मला उतरवलंच होतं ना."

फिटरचा हात त्याच्या पाठीवरून हळूच निघाला. मग मेहुणा हसला. तो हसला म्हणजे टाचणीचा होकारच असणार असं बाकीच्यांना वाटलं, आणि तेही हसले.

मित्रांनो, मला रंग नको. पायाखालची वीट काढून नवा पाय बसवा असंही मी म्हणत नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, अशाच पायऱ्यांवर बसाल. कुणासाठी ओरडावंसं वाटलं तर ओरडा, पण त्याआधी एकदा खाली उतरून कुंपणाशी या. ज्याच्यासाठी ओरडणार आहात त्याला हळू आवाजात विचारा, "बाबा रे, बरा आहेस ना?" आणि त्याने खरं सांगितलं तर त्या खऱ्याची शिक्षा त्याला होऊ देऊ नका.

हे लवकर करा. माझ्यावर बसलेल्या पोराने आत्ता माझी कड दोन्ही हातांनी घट्ट आवळली आहे. त्याला कुठे दुखतंय ते मला कळत नाही, आणि विचारायला मला तोंड नाही. तुम्हाला आहे.