हैसमची किल्ली

"पलंगावरचं प्लास्टिक कुणी काढायचं नाही," इन्साफनं बजावलं.

घरं भाड्यानं लावून देणारा दलाल शौकी पलंगापुढं उभा राहून हसला. "उम्म हैसम, मग भाडेकरूंनी निजायचं कुठं? मोरीत?" हैसमची आई म्हणून सगळी गल्ली तिला उम्म हैसमच म्हणायची.

हे घर हैसमच्या लग्नासाठी घेतलेलं. इजिप्तमधल्या या दुम्यात शहरात पोराला मिसरूड फुटलं की आईबाप त्याचं घर बघून ठेवतात. ते वर्षानुवर्षं कुलपात राहिलं तरी चालतं. त्यातून हैसमचा बाप अतिया सुतार. पलंग आणि कपाट त्यानं स्वतःच्या हातानं घडवलं, आणि लेकाचं लग्न न बघताच तो गेला. हैसम कतारला नोकरीला लागला आणि दरवर्षी पुढच्या वर्षीचा वायदा करत राहिला. इन्साफ मात्र दर शुक्रवारी इथं येऊन खिडक्या उघडायची, नळ सोडायची, धूळ पुसायची. सून येईल तेव्हा घराला कुबट वास नको.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. लग्न तिकडंच ठरलं होतं, राहणंही तिकडंच. "भाड्यानं देऊन टाक, आई," तो म्हणाला. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून पोटभर रडली.

"ऐक," शौकीनं बोटांवर मोजायला घेतलं. "गळका नळ आधी बदल. मागाहून बदललास तर कुणी उपकार मानत नाही. नात्यातल्यांना घर द्यायचं नाही, भाडंही जातं आणि नातंही. करार वर्षाचाच, तोही नोंदवून. आणि किल्ल्या सगळ्या द्यायच्या. किल्ली ठेवणारी मालकीण म्हणजे सासू. सासू असली की भाडेकरू टिकत नाही."

"सासू व्हायलाच तर बसले होते रे," इन्साफ म्हणाली.

भाडेकरू मिळाले ते नुकतंच लग्न झालेलं जोडपं. ते राहायला येण्याच्या आदल्या दिवशी इन्साफनं प्लास्टिक स्वतःच सोलून काढलं आणि पहिल्यांदाच त्या पलंगावर बसली. कुठं म्हणून करकर नाही. अतियाचा तिला फार अभिमान वाटला, आणि रागही आला, असा अर्ध्यावर टाकून गेल्याचा. शौकीच्या हातात तिनं दोन किल्ल्या ठेवल्या. तिसरी, हैसमची, पिशवीतच राहिली.

शुक्रवारी पाय सवयीनं जिना चढले. किल्ली कुलपात गेली, आणि आतून कुणीतरी हसलेलं ऐकू आलं. तिनं घाईनं किल्ली काढून घेतली आणि बेल वाजवली.

कणकेच्या हातांनी नव्या भाडेकरणीनं, रिहामनं, दार उघडलं. "या ना, खाला. चहा टाकते."

"नको गं. नळ बघायला आले होते. वापरला नाही की तो गंज धरतो."

"आता कसला धरतोय? दिवसभर चालूच असतो," रिहाम हसली. "पलंग मात्र काय सुरेख आहे हो. कुणी केला?"

"हैसमच्या वडिलांनी."

"हैसम कोण?"

या गल्लीत इन्साफला हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

"माझा मुलगा," ती म्हणाली. मग पिशवीत हात घालून किल्ली काढली आणि रिहामच्या पिठाळ तळव्यावर ठेवली. "ही त्याची. तुमच्याकडंच राहू दे."

दार लागलं. इन्साफ जिन्यात थोडी थांबली. आत नळ सुटला, पोरीनं हात धुवायला घेतले असावेत. पाणी नीट येतंय एवढं ऐकून ती उतरू लागली.