करंगळी

मी गोष्टी लिहितो हे सगळ्या मंगरूळपीरला ठाऊक होतं, कारण मीच ते सगळ्यांना सांगितलं होतं. कापडाचं दुकान आमचं वडिलांपासूनचं. गिऱ्हाईक नसलं की मी गादीवर बसून लिहीत असे, आणि गिऱ्हाईक आलं तरी हातातली ओळ पुरी झाल्याशिवाय मान वर करीत नसे. माझ्या गोष्टींतली माणसं पुण्याला राहत. कॉलेजात जात, टेनिस खेळत, आणि संध्याकाळी टेकडीवर बसून एकमेकांना पत्रं वाचून दाखवत. मी पुणं पाहिलं नव्हतं. टेनिस कशाशी खातात हेही मला ठाऊक नव्हतं. तिकडच्या एका मासिकाकडे मी अशा अकरा गोष्टी पाठवल्या आणि अकराही परत आल्या.

अकराव्या गोष्टीबरोबर मात्र संपादकांचं पत्र आलं. 'खेमचंद, तुमची भाषा बरी आहे, पण ही माणसं तुमची नाहीत. तुमच्या भागातली गोष्ट लिहा. एखादा असा तपशील द्या, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभं राहील. धीर सोडू नका.' एवढंच. मी ते पत्र महिनाभर खिशात घेऊन हिंडलो आणि भेटेल त्याला वाचून दाखवलं. 'धीर सोडू नका' तेवढं जरा मोठ्याने वाचत असे.

आमच्या घरी बांगड्या भरायला मेहरबी येत असे. आम्ही सारे तिला चाची म्हणत असू. साठीकडे झुकलेली, पाच गल्ल्या सोडून राहणारी, डोक्यावर टोपली घेऊन आसेगावापासून जऊळक्यापर्यंत घरोघर फिरणारी मन्यारीण. तिच्या हातून बांगडी भरताना कुणी 'आई गं' म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. बांगडी भरताना ती गोष्ट सांगायची. बाई गोष्टीत गुंतली की हात सैल सोडते, आणि हात सैल सुटला की अंगठ्याच्या मुळाशी दाबून मेहरबी बांगडी अल्लद मनगटावर सरकवायची. तिचा सगळा धंदाच त्या गोष्टीवर चालायचा.

एके दिवशी ती माझ्या बायकोला, गुलाबबाईला, बांगड्या भरत होती आणि मी शेजारी बसून संपादकांचं पत्र वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, "शेठ, आज गोष्ट तुमी सांगा. मी निस्ती बांगड्या भरतो."

मी आनंदाने टेकडीवरची गोष्ट सुरू केली. नायिकेच्या साडीचा रंग सांगितला, मावळतीचं वर्णन केलं. पहिली बांगडी करंगळीशीच कट्कन फुटली. मी नायकाचं मनोगत सांगायला घेतलं, तेव्हा दुसरी फुटली. तिसरीच्या वेळी गुलाबबाईच्या हातातून रक्त आलं. सवाशिणीच्या हातातल्या बांगड्या अशा फुटलेल्या पाहून ती माझ्यावर जी उखडली, ती दोन दिवस बोलली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मेहरबीने काचा पदरात गोळा केल्या. "तुमच्या गोष्टीत बाईनं एकडाव तरी 'मंग?' म्हटलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग हात कसा सुटंन? साडीचा रंग कायले सांगून राह्यले तुमी? सासू काय बोलली ते सांगा. बाईले 'मंग?' म्हनाले लावा. ते म्हनते तवा दम सोडते, तवाच बांगडी सरकते."

मला राग आला. अंगठा उठवणारी बाई मला गोष्ट शिकवते! पण फुटलेल्या तीन बांगड्यांना काय उत्तर देणार? त्या दिवसापासून ती आली की मी दुकान सोडून घरात जाऊन बसू लागलो. ती गोष्ट कुठे थांबवते, कुठे पळवते ते पाहू लागलो. तीही हसून शिकवू लागली. "माहीत हाय ते समदं नका सांगू," ती म्हणे. "टोपलीतल्या समद्या बांगड्या एका हातात भरते का कोनी?" तिची एक रीतही माझ्या ध्यानात आली. आसेगावची गोष्ट ती आमच्याकडे 'तिकडं जऊळक्याकडं' म्हणून सांगे, आणि आमच्या गल्लीतली जऊळक्याला आसेगावची होऊन जाई. कुणाची गोष्ट कुणाच्या दारात उघडी पडत नसे.

त्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत तिने गुलाबबाईला एका विधवेची गोष्ट सांगितली. 'तिकडं जऊळक्याकडची' एक बाई. नवरा गेला तेव्हा ती वीस वर्षांची होती. घरची सगळी वेचणीला शेतात गेली की ती मन्यारणीला मागच्या दाराने आत घेते. हिरव्या चार बांगड्या भरून घेते. मग कणीक मळायला बसते. जेवायला कुणी नसतं. मळताना बांगड्या वाजतात, तेवढं ऐकायचं असतं. तासाभराने मन्यारीण हाताला तेल लावून त्या काढते. एकही फोडत नाही. "नवरा गेला त्या रोजी दगडानं फोडल्या होत्या तिच्या," मेहरबी म्हणाली. "तिनं मले शपत घातली, पुन्ना फुटल्याचा आवाज नको." गुलाबबाई रडत होती. डझनभर बांगड्या तिच्या हातात कधी गेल्या ते तिला कळलंही नाही.

मी मेहरबीच्या मागोमाग दारापर्यंत गेलो. भरलेली काचेची बांगडी न फोडता निघते कशी, हे मला विचारायचं होतं. खरं तर मला गोष्ट हवी होती. तिने स्वतःच्या हातावर दाखवलं. "तिचं काढनं लय कठीन. लहानपनी उखळात सापडून करंगळी वाकडी झाली तिची, बाहीर फाकलेली. बांगडी तिथंच अडते. मंग मी करंगळी तोंडापाशी धरून फुंकर मारतो. ते हसते. हसली का निंगते." मग टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाली, "हे बोटाचं गुलाबबाईले नाही सांगतलं. तुमी शिकून राह्यले म्हून तुमाले सांगतलं."

मला पुढचं ऐकूच आलं नाही. ती करंगळी मी पाहिली होती. आसेगावचे दौलतराव देशमुख आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांची विधवा भावजय गोमतीबाई दिवाळीआधी घरच्या बायकांबरोबर बिनकाठाचं लुगडं घ्यायला आली होती. कापडावरून हात फिरवताना तिची करंगळी बाहेर फाकलेली मी पाहिली होती. ती कोण, हे मला त्या क्षणीच कळलं. नंतर मी पुष्कळांना सांगितलं की मला ठाऊक नव्हतं. ते खोटं आहे.

गोष्ट मी तीन दिवसांत लिहिली. गाव बदललं. तिचं नाव सुंदरा केलं. देशमुखांच्या जागी पाटील घातले. उरली करंगळी. ती मी एकदा काढून पाहिली. फुंकर गेली, हसणं गेलं, आणि गोष्ट नुसती दुःखी झाली. तशा दुःखी गोष्टी ढिगाने छापून येतात. पायाचं बोट वाकडं करावं म्हटलं, तर पायात कुठल्या बांगड्या? एखाद्या बाईची करंगळी कोण पाहतो, असं मनाला समजावलं आणि ती परत घातली. मी स्वतः पाहिली होती, हे त्या वेळी मला सोयीने आठवलं नाही.

गोष्ट छापून आली. संपादकांनी लिहिलं, 'ती करंगळी विसरता येत नाही.' माझे पाय जमिनीला लागेनात. सहा अंक मागवले आणि आल्यागेल्याला दाखवू लागलो. चैत्रपाडव्याच्या खरेदीला दौलतराव आले. म्हणाले, "शेठ, तुमची गोष्ट छापून आली म्हनते. आमाले नाही दाखवत?" माझ्या मागच्या फळीवर चार अंक होते. 'संपले' एवढा एक शब्द बोलायचा होता. पण इतका मोठा माणूस आपण होऊन मागतो, याचीच मला धुंदी चढली. मी फळीवरून अंक काढून दिला. वर म्हणालो, "घरी सगळ्यायले वाचून दाखवा."

त्यांनी गावच्या मास्तरांकडून तो सगळ्यांपुढे वाचवून घेतला. पुढच्याच आठवड्यात ते दुकानात आले. चोराच्या मनात चांदणं; मी त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता उगाच ठाण उलगडू लागलो. त्यांनी अंक गादीवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई वळखली आमी. मास्तर वाचत होते, अन् समद्या बाया तिच्या हाताकडं पाहून राह्यल्या होत्या. आता ते मन्यारीन आमच्या वाड्यावर येनार नाही." ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

पण आसेगावावर ते थांबलं नाही. दारं बंद केली ती बायकांनी. मेहरबीपाशी बोललेलं छापून येतं, असं गावोगाव झालं. ती दारात दिसली की बायका आतूनच सांगत, "आज नको, चाची." चाळीस वर्षांत तिने एका दारातलं दुसऱ्या दारात नेलं नव्हतं, आणि नाव तिचं गेलं. माझं नाव मासिकात ठळक टाइपात होतं. माझ्याकडे बोट दाखवायचं कुणाला सुचलं नाही, आणि मीही ते सुचवलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर देशमुखांच्या बायका दुकानात आल्या. गोमतीबाई बरोबर होती. तिने सबंध वेळ दोन्ही हात पदराखाली ठेवले. लुगडं हनुवटीने दाखवलं. घडी घालून मी ते पुढे केलं, तर जाऊबाईने घेतलं. गोमतीबाईने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी आत जाऊन तांब्याभर पाणी प्यालो आणि त्या जाईपर्यंत बाहेर आलो नाही.

मेहरबीचं घर पाच गल्ल्यांवर होतं. मी वर्षभर तिकडे फिरकलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. ती भेटली ती पुढच्या रामनवमीला, पोहरादेवीच्या यात्रेत, तेही मी धंद्यासाठी तिथे पाल लावलं होतं म्हणून. भर उन्हात गोणपाटावर टोपली मांडून ती बसली होती. समोर बायकांची रेटारेटी. ती गोष्ट सांगत नव्हती. दंड पकडून घाईघाईने बांगड्या चढवत होती आणि बायका कळवळत होत्या. काचा सगळीकडे पडल्या होत्या.

मला पाहून ती म्हणाली, "बसा शेठ." मी तिथेच मातीत बसलो.

"चाची, गोष्ट नाही सांगत?" मी विचारलं.

"यात्रेत कोन ऐकते? अन् आता कोनापाशी सांगू?" ती म्हणाली. मग तिने विचारलं, "ते काय लिहलं तुमी, मले कोनी वाचून नाही दाखवलं. हाय का तुमच्यापाशी?"

होतं. यात्रेत कुणी जाणकार भेटला तर दाखवावं म्हणून अंक मी पिशवीत घालून आणला होता. मी वाचू लागलो. मेहरबीचा हात थांबला. ती डोळे मिटून ऐकत होती. कणीक मळण्याचा भाग आला तिथे तिच्या तोंडून "मंग?" निघालं. पुढे एकदा, करंगळी अडते तिथे, पुन्हा "मंग?" बांगड्या भरायला बसलेली बाई हात तसाच पुढे धरून ऐकत राहिली होती. मी शेवटपर्यंत वाचलं.

"चांगली लिहली," मेहरबी म्हणाली.

मी अंक मिटला. "चाची, माझं चुकलं. माझ्यामुळं तुझी घरं गेली. मी ते बोट काढाले पाह्यलं होतं. काढलं तं गोष्टच मरत होती."

तिने समोरच्या बाईचा हात पुन्हा हातात घेतला. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मंग मरू द्याची होती."

ती पुढच्या बांगड्या भरू लागली. मी उठून आमच्या पालाकडे गेलो.

एवढ्यावर मी शहाणा झालो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. यात्रा आटोपून मी दमणीतून मंगरूळला निघालो. वाटभर माझ्या मनात मेहरबीची गेलेली घरं नव्हती, गोमतीबाईचे पदराखालचे हात नव्हते. ती दोनदा 'मंग?' म्हणाली होती, तेवढंच मी आठवत होतो. मेहरबीने, जिच्याइतकी गोष्ट कुणाला कळत नाही तिने, माझ्या गोष्टीत दोनदा 'मंग?' म्हटलं होतं. मला हसू येत होतं. गाडीवानाने वळून पाहिलं, तेव्हा मी तोंड फिरवलं.

घरी पोचलो तर गुलाबबाई दारातच उभी होती. तिच्या हातात वर्षापूर्वीच्याच बांगड्या होत्या. तिने दुसऱ्या मन्यारणीला घरात घेतलं नव्हतं.

"चाची भेटली का?" तिने विचारलं. "काय म्हनली?"

"गोष्ट चांगली झाली म्हनली," मी सांगितलं.