किड्यांनी सोडलेली ओळ

“फाटलं असेल तिथे फाटलंय म्हणायचं, पोरी. आपल्या मनाचं ठिगळ लावायचं नाही.” जुनी लिपी शिकवताना वडील सांगत. दप्तरखान्यात तीस वर्षं तिने ते पाळलं होतं. आज मात्र भिंग एकाच ओळीवर अडलं होतं.

टेबलापलीकडे प्रार्थनाघराचा म्हातारा रखवालदार बसला होता. त्याचा धर्म वेगळा, तिचा वेगळा. आणि त्याची जागा मागायला उठले होते ते तिच्याच धर्माचे लोक. दुपारी सुनावणी. पुरावा एकच, तीनशे वर्षांपूर्वीचं हे राजाचं आज्ञापत्र.

“राजा आमच्या धर्माचा नव्हता, तरी जागा दिली,” म्हातारा म्हणाला. “केवढं मन!”

तिने भिंग खाली सरकवलं. घडीवर किड्यांनी चाळण केली होती, पण भिंगाखाली अक्षरं लागत होती. ‘येणाऱ्याजाणाऱ्यास धर्म न विचारता पाणी पाजावे. आमची फौज या वाटेने जाते तोवर जागा यांची.’

तिने वाचून दाखवलं. “काका, त्याला फौजेची तहान दिसत होती. शिपाई सगळ्याच धर्मांचे होते.”

“फौज जाऊन जमाना झाला, ताई.” त्याचा आवाज खाली आला. “तेवढी ओळ किड्यांनी खाल्ली म्हणा ना. तुमच्याशिवाय वाचणारं आहे कोण?”

“म्हणूनच म्हणता येत नाही.”

“राजाच्या पोटात काही का असेना, आम्ही पाणी पाजलंच ना? रांजण एक दिवस कोरडा नाही.”

“तेही सांगेन. पण ओळ वाचेन.”

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. “तुमचे देव तरी खूश होतील.” दाराशी गेल्यावर थबकला. “आणि रांजण?”

“मी भरीन.”

“बघू,” तो म्हणाला.

सुनावणीत तिने दोन्ही सांगितलं. साहेबांनी पाण्याचं ऐकून मान डोलावली. फौजेचं तेवढं लिहून घेतलं. बाहेर जागा मागणाऱ्यांतल्या एकाने हात जोडले. “बाई, आपल्या माणसाचं काम केलंत.” तिने कागदांची पिशवी उचलली आणि दुसऱ्या वाटेने घरी गेली.

आठवड्यात प्रार्थनाघराला कुलूप लागलं. म्हातारा मुलीकडे निघून गेला. दाराबाहेर रांजण तेवढा उरला.

सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. आज प्रार्थना झाली, घोट तसाच राहिला. तिने कळशी काठोकाठ भरून कमरेवर घेतली.

“आई, एवढ्या सकाळी कुठे?” सुनेने विचारलं.

“पाणी भरायला.”

“अहो, घरात भरलंय की.”

तिने चपला पायात सरकवल्या आणि हिंदकळू न देता, सावकाश पायऱ्या उतरू लागली.